जुन्या डिझेल बोट-इंजिनाचा एअर फिल्टर : कागदी ठेवावा की ऑइल बाथ, आणि निगा कशी राखावी?

मिरकरवाडा_तांडेल :

नमस्कार. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमचा लाकडी ट्रॉलर आहे. त्यावर अशोक लेलँडचे सहा सिलिंडरचे, सुमारे साडेसहा लिटर क्षमतेचे, टर्बो नसलेले जुने इंजिन आहे. त्याचा मूळचा ऑइल बाथ (वाटीतल्या तेलात हवेतला मळ पकडणारा) एअर क्लीनर आधीच्या मालकाने काढून टाकला आणि त्या जागी ट्रकला असतो तसा कागदी फिल्टर बसवला. हा कागद हंगामाच्या मध्यावरच काळा आणि तेलकट होतो, पहाटे हाताला चक्क ओला लागतो, आणि जाळे ओढताना पूर्ण रेस दिली की धूर काळा पडतो. नवा फिल्टर घातला की काही दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच.

1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात इंजिनाचे काम काढायचे आहे. रस्त्यासारखी धूळ समुद्रावर नसताना फिल्टर भरतो कशाने, तो धुवावा की बदलावा, आणि पुन्हा ऑइल बाथकडे जावे का, या तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

खाडीकाठ :

आमच्या दाभोळ खाडीतल्या कितीतरी होड्यांच्या इंजिनांवर फिल्टर नाहीच; हवेच्या तोंडावर नुसती जाळी आहे आणि इंजिने चालत आहेत. काही जुन्या मरीन इंजिनांना कंपनीकडूनच फक्त आवाज कमी करणारा डबा आणि जाळी येत असे. धूळ नसेल तर कागदावर पैसे कशाला घालवायचे, हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे.

जुना_मिस्त्री :

खाडीकाठ, प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. बोटीचा फिल्टर बाहेरची धूळ फारशी अडवत नाही हे खरे. तो अडवतो ती इंजिनाच्या खोलीतच तयार झालेली घाण. म्हणून बोटीवर फिल्टरची देखभाल म्हणजे निम्म्याहून अधिक देखभाल त्या खोलीची असते. ही गोष्ट लक्षात आली नाही तर माणूस वर्षानुवर्षे फिल्टर बदलत राहतो आणि कारण जागच्या जागी राहते.

त्या खोलीत काय काय उडते ते पाहा. डायनामो आणि पाण्याच्या पंपाचे पट्टे पुल्या सरळ रेषेत नसल्या की झिजतात आणि त्यांची काळी रबरी पूड पडते. एक्झॉस्टवर गुंडाळलेल्या जुन्या दोरीचे तंतू सुटतात. ही दोरी अ‍ॅस्बेस्टॉसची असेल तर ती इंजिनाला नव्हे, आधी तुमच्या फुप्फुसाला घातक आहे, तेव्हा ती हाताने ओरबाडू नका, ओली करून आणि तोंडाला योग्य मास्क लावूनच काढवून घ्या. एक्झॉस्टच्या सांध्यातून गळणारी काजळी, जाळ्याचे नायलॉनचे बारीक धागे, पुसण्याच्या चिंध्यांचा कापूस, हे सगळे हवेच्या ओढीबरोबर फिल्टरकडेच जाते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे इंजिनाचा स्वतःचा श्वास, अर्थात ब्रीदरमधून बाहेर पडणारी तेलाची वाफ.

जुन्या इंजिनाचा ब्रीदर उघड्यावर, खोलीतच सोडलेला असतो. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) झिजले की जळलेला वायू पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या पेटीतून, तेलाचे सूक्ष्म थेंब घेऊन बाहेर येतो. फिल्टर हाताच्या अंतरावर असेल तर ते थेंब थेट कागदावर बसतात. तेलाने भिजलेल्या कागदाची छिद्रे बुजतात, त्यावर काजळी चिकटते आणि मग झटकून, फुंकून काहीही उपयोग होत नाही. तांडेल, तुमचा फिल्टर तेलकट आहे म्हणता, तिथेच मला संशय आहे.

एक सोपी परीक्षा सुचवतो. टाकाऊ झालेला कागदी फिल्टर फेकू नका. त्याच्या चार-पाच घड्या ब्लेडने कापून पांढऱ्या कागदावर पसरा आणि मळ बोटांत चोळा. काजळी असेल तर बोट गुळगुळीत काळे होते आणि कण लागत नाही. पट्ट्याची पूड असेल तर तिच्या बारीक वळ्या होतात. कापसाचे आणि जाळ्याचे धागे भिंगाशिवायही दिसतात. खरखरीत कण लागले तर मात्र ती वाळू किंवा धूळ आहे, आणि तीच लायनर खाते. आता जाळीबद्दल. नुसत्या जाळीवरची इंजिने चालतात हे मान्य, पण उन्हाळ्यात बंदरावर वाळू उडत असताना धक्क्याला लागून चार्जिंगसाठी इंजिन चालू ठेवणारे पुष्कळ असतात. त्या इंजिनांचे लायनर किती वर्षांत बदलावे लागले, हेही विचारून घ्यावे.

बार्जवाला :

मिस्त्रीकाकांच्या शेवटच्या वाक्याला गोव्याहून दुजोरा देतो. मांडवी आणि झुआरी नद्यांतून मुरगावकडे लोहखनिज नेणाऱ्या बार्जेसवर (सपाट बुडाच्या मालवाहू बोटींवर) मी इंजिनाकडे होतो. तिथे "पाण्यावर धूळ नसते" असे कोणी म्हटले असते तर सगळे हसले असते. जेटीवर खनिज भरताना लाल पूड उडे आणि ती हवेच्या तोंडाशी, पट्ट्यांवर, रंगावर सगळीकडे बसे. ती पूड कठीण आणि टोकदार असते. थोडीशीही गेली तरी व्हॉल्व्हच्या बैठकी आणि रिंगा लवकर जातात. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा बार्जेस नदीत नुसत्या उभ्या राहिल्या. एवढ्या काळात ज्यांची हवेची तोंडे उघडीच राहिली त्यांच्या आतल्या भागांवर गंज चढला, तो आणखी वेगळा विषय.

आमच्याकडे ऑइल बाथच चालत असत आणि त्यांत मला एक गोष्ट पक्की शिकायला मिळाली. मळ वाटीच्या तळाशी गाळासारखा बसतो आणि वरून तेल स्वच्छच दिसते. म्हणून वरून डोकावून "अजून ठीक आहे" असे ठरवू नये. वाटी खाली घेऊन तळाशी लाकडी काडी फिरवावी. काडीला बोटाच्या पेरापेक्षा जास्त गाळ लागला तर तेल बदलायची वेळ होऊन गेली असे समजावे.

मिरकरवाडा_तांडेल :

मिस्त्रीकाका, तुम्ही सांगितले तसे केले. कागद कापला. धागे थोडे आहेत, पट्ट्याची पूड बरीच आहे, खरखर जवळजवळ नाही, पण सगळ्या घड्या तेलाने चिकटून आहेत. ब्रीदरची नळी फिल्टरच्या डब्यापासून एका वितीवरच सोडलेली आहे. तेल भरायचे झाकण चालू इंजिनावर उघडले तर धूर भकाभका येत नाही, पण मंद वाफ सतत दिसते. पहाटे कागद ओला का होतो, हे मात्र अजून उमगले नाही.

मर्चंट_नेव्ही_निवृत्त :

ओलाव्याचे कारण मिठात आहे. समुद्राचे तुषार हवेतच सुकले तरी मिठाचे सूक्ष्म कण कागदावर बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते. कोकणात रात्री आर्द्रता त्याहून बरीच वर असते, त्यामुळे दिवसा कोरडा वाटणारा फिल्टर पहाटे ओला लागतो. ओल्या कागदाची ताकद कमी होते आणि पूर्ण रेसच्या ओढीने घड्या एकमेकींना चिकटतात, क्वचित फाटतातही. त्यात तेल आले की स्थिती आणखी बिघडते. हवेचे तोंड तुषारांपासून दूर, खाली वळवलेल्या कोपरासह असावे, म्हणजे मोठे थेंब आधीच गळून पडतात. ट्रकच्या फिल्टरच्या डब्याला खाली चोचीसारखे रबर असते, ते मळ आणि पाणी टाकण्यासाठी असते. बोटीवर डबा आडवातिडवा बसवला आणि ती चोच वर किंवा बाजूला गेली तर पाणी आतच साचते. तुमच्या डब्याची चोच कुठे आहे ते पाहा.

आता थोडी आकडेमोड, कारण काळ्या धुराचा दोष सरसकट फिल्टरवर टाकला जातो. साडेसहा लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 1800 फेऱ्यांवर मिनिटाला 900 वेळा पूर्ण हवा भरून घेते. भरणीची कार्यक्षमता 85 टक्के धरली तर ही हवा मिनिटाला सुमारे 5,000 लिटर, म्हणजे 5 घनमीटर होते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर एक लिटर डिझेल जाळायला किमान सुमारे 12 किलो, म्हणजे जवळपास 10,000 लिटर हवा लागते, आणि धूर स्वच्छ हवा असेल तर त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. एवढी हवा फिल्टरपर्यंत येण्याआधी खोलीत यायला हवी. सेकंदाला 3 मीटर वेगाने ती आत यावी म्हटले तर सुमारे 280 चौरस सेंटिमीटरचे मोकळे तोंड लागते, आणि हे फक्त जाळण्याच्या हवेसाठी. उष्णता बाहेर काढायला आणखी तेवढीच जागा वेगळी हवी. झडपांच्या पट्ट्या आणि जाळी यांनी व्यापलेली जागा यातून वजा करायची. पुष्कळ बोटींत इंजिनाच्या खोलीला एखादे हातभर झाकण आणि एक गंजलेली कोपरावाली नळी, एवढेच असते.

शिवाय खोली तापली की हवा विरळ होते. तापमान दर 10 अंशांनी वाढले की त्याच आकारमानात हवा सुमारे 3 टक्क्यांनी कमी मावते. बाहेर 32 आणि आत 52 अंश असतील तर सहा टक्क्यांहून अधिक हवा फिल्टरला हात लावण्याआधीच गेली.

याची तपासणी फुकट होते. समुद्र शांत असताना पूर्ण रेसवर बोट चालवा, फेऱ्या आणि धूर पाहा, आणि मग खोलीचे झाकण उघडा. फेऱ्या वाढल्या किंवा धूर हलका झाला तर खोलीला हवा कमी पडते आहे. झाकण उघडूनही काही फरक पडला नाही तर पुढे फिल्टर तपासा. तिथेही फरक नसेल तर नोझल, पंप किंवा बुडाला आणि पंख्याला लागलेले शिंपले यांच्याकडे वळा. बुड खरवडून महिने लोटले असतील तर मी आधी तिथेच पाहीन.

खाडीकाठ :

आकडे पटले. फिल्टर तपासताना तो काढून इंजिन चालवले तर चालेल का?

मर्चंट_नेव्ही_निवृत्त :

थोडा वेळ, धक्क्याला बांधलेल्या स्थितीत आणि सावध राहून चालेल. तोंडावर जाड तारेची जाळी लावावी आणि जवळपास चिंधी, हातमोजा, दोरीचे टोक काहीही ठेवू नये, कारण ती ओढ जबरदस्त असते. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे ओढ मोजणे. फिल्टर आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) यांच्या मधल्या धातूच्या नळीला लहान निप्पल बसवा, त्याला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडून तिचा इंग्रजी यू आकार फळीवर ठोका आणि त्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. नळीची उंची भरपूर ठेवा, नाहीतर पाणीच इंजिनात ओढले जाईल. नव्या फिल्टरसह पूर्ण फेऱ्यांवर दोन बाजूंच्या पाण्यात किती मिलिमीटरचा फरक पडतो ते रंगाने फळीवर लिहून ठेवा. पुढे हाच फरक वाढत जातो. कमाल मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि पुस्तिका नसेल तर फरक नव्याच्या दुप्पट झाला की फिल्टर बदलायचा, असे माझे धोरण आहे. त्यामुळे "काळा दिसतो म्हणून बदलला" किंवा "अजून चालेल" असा अंदाजपंचे कारभार राहत नाही. कागद काळा दिसूनही मोकळा असू शकतो आणि स्वच्छ दिसूनही मिठाने व ओलाव्याने गच्च झालेला असू शकतो.

तेलकट_हात :

एक गोष्ट राहिली. फिल्टरपासून मॅनिफोल्डपर्यंतची रबरी नळी कोणी पाहत नाही. तेलाच्या वाफेने ती आतून मऊ पडते. इंजिन बंद असताना बाहेरून उत्तम दिसते, पण पूर्ण रेसवर ओढ लागली की चपटी होते आणि रेस सोडताच पूर्ववत फुगते. एकाने रेस द्यावी आणि दुसऱ्याने टॉर्च मारून नळीकडे पाहावे. तसेच क्लिपांखाली चिरा आहेत का ते नळी वाकवून पाहावे, कारण तिथून येणारी हवा फिल्टर टाळून थेट सिलिंडरमध्ये जाते.

आणि कृपा करून कागदी फिल्टर पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नका. बंदरावर हे सर्रास चालते. कागदाचा बांध आणि कडांचा गोंद सुटतो, आणि पेट्रोलची वाफ बंद खोलीत जमली तर एका ठिणगीचे निमित्त पुरते. कोरडी धूळ असेल तरच आतून बाहेर, 2 बारच्या खालच्या दाबाने आणि नोझल लांब धरून फुंकावे. मग अंधारात आत बल्ब धरून बाहेरून पाहावे; सुईएवढा उजेडाचा ठिपका दिसला तरी तो फिल्टर बाद. रबरी कडेवर सलग गोल ठसा उमटला आहे का तेही तपासावे. ठसा एका बाजूला तुटक असेल तर झाकण नीट बसत नाही.

मिरकरवाडा_तांडेल :

चोच बाजूला आहे आणि तिच्या मागे खरोखरच पाणी साचलेले निघाले. झाकण उघडल्यावर फेऱ्या थोड्या वाढल्या. म्हणजे नेव्हीवाल्यांच्या दोन्ही गोष्टी बरोबर ठरल्या. आता मुख्य निर्णय: ऑइल बाथ पुन्हा बसवू का? भंगारवाल्याकडे याच इंजिनाचा मूळ क्लीनर मिळतो आहे.

जुना_मिस्त्री :

मी असतो तर बसवला असता. त्याला मिठाचे किंवा ओलाव्याचे भय नाही, दर हंगामाला नवा कागद विकत घ्यावा लागत नाही आणि तो धुऊन पुन्हा वापरता येतो. हवा मधल्या नळीने खाली येते, तेलाच्या पृष्ठाशी एकदम उलटी वळते, जड कण तेलात पडतात आणि उरलेले वर तेलाने ओल्या झालेल्या तारेच्या जाळीत अडकतात. वाटीत इंजिनाचेच तेल घालायचे, खुणेपर्यंत. जाळी डिझेलने धुऊन पूर्ण निथळू द्यायची, निदान एक रात्र. भंगारातला घेताना तळाला गंजाची छिद्रे आणि मधल्या नळीचा वाकडेपणा पाहून घ्या.

बोटीसाठी मी तेल खुणेच्या एक बोट खाली ठेवतो, कारण डोलताना ते नळीच्या तोंडाशी उसळते.

मर्चंट_नेव्ही_निवृत्त :

मिस्त्री, इथे माझा आदरपूर्वक विरोध आहे. तेल खाली ठेवले की हवा त्याच्या पृष्ठाला नीट घासत नाही, जाळी कोरडी राहते आणि क्लीनर नावापुरता उरतो. तसाही हा प्रकार मंद फेऱ्यांवर कमी काम करतो, कारण हवेला वेगच नसतो. जाळी पसरून तासन्‌तास हळू चालणाऱ्या बोटीला हे लागू पडते. खुणेपर्यंत तेल आणि भक्कम, सरळ बसवलेला क्लीनर, हेच योग्य. पातळी पाहताना मात्र इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, म्हणजे जाळीतले तेल वाटीत उतरते, आणि बोट एका बाजूला कललेली असताना पाहू नये.

जुना_मिस्त्री :

तुमच्या जहाजांचे डोलणे आणि आमच्या पन्नास फुटी ट्रॉलरचे डोलणे यांत फरक आहे. खुणेच्या वर नको, यावर मात्र आपले एकमत आहे.

बार्जवाला :

ते "वर नको" जरा स्पष्ट सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. वाटीत पाणी शिरले की ते तेलाखाली बसते आणि तेलाची पातळी आपोआप वर येते. कधी तेल दुधाळ होते. पातळी वाढलेली पाहून "भरपूर आहे" असे समजू नये, वाटी पूर्ण रिकामी करून पुसून पुन्हा भरावी. जास्त झालेले तेल इंजिनाने ओढले तर ते इंधन म्हणूनच जळते. मग स्टॉपचा लिव्हर ओढून काही होत नाही, कारण तो फक्त डिझेल बंद करतो. फेऱ्या वाढत जातात आणि इंजिन फुटेपर्यंत थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड बंद करणे हाच उपाय. तोंडाच्या मापाचा जाड प्लायवूडचा तुकडा खोलीच्या दाराशीच टांगून ठेवावा. हात किंवा कापड कधीही लावू नये. फळी जवळ नेणे शक्य नसेल तर कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक तोंडात सोडावे आणि माणसांनी खोलीत थांबू नये.

तेलकट_हात :

ऑइल बाथ बसवला तरी ब्रीदर आधी हलवा, तांडेल. नळी लांब करून एका डब्यात सोडा, डब्यात तारेचा चोथा भरा, खाली नळ ठेवा आणि वाफ खोलीबाहेर काढा. नळीला मध्ये कुठे खोलगट भाग राहू देऊ नका, तिथे तेल आणि पाणी साचून ती बंद होते, आणि क्रँककेसमध्ये दाब वाढला की ऑइल सीलमधून गळती सुरू होते.

मिरकरवाडा_तांडेल :

सर्वांचे आभार. मूळ क्लीनर घेतला. तळ शाबूत आहे, नळी सरळ आहे. बंदीत करायचे काम आता असे ठरले आहे: ब्रीदर बाहेर, पुल्या सरळ आणि पट्टे नवे, खोलीच्या दोन्ही बाजूंना झडपा, आणि रबरी नळीऐवजी धातूची नळी व दोन्ही टोकांना लहान रबरी जोड. तेल खुणेपर्यंतच घालणार आहे, मिस्त्रीकाकांनी रागावू नये. बोट दोन महिने ओढून ठेवताना हवेचे तोंड उघडे ठेवावे की बंद?

बार्जवाला :

बंद. हवेचे आणि एक्झॉस्टचे दोन्ही. एखादा व्हॉल्व्ह नेहमी उघड्या स्थितीत थांबलेला असतो आणि पावसाळी हवा तिथून थेट लायनरवर जाते. जुने तेल वाटीत ठेवू नका, त्यातले पाणी तळ खाते. वाटी धुऊन, तेलाचा पुसट हात देऊन कोरडी बसवा आणि तोंडावर प्लॅस्टिक घट्ट बांधा. वाटी रिकामी आहे आणि तोंड बांधलेले आहे, असे लिहिलेली पाटी स्टार्टरच्या किल्लीलाच अडकवा, नाहीतर ऑगस्टमध्ये कोणीतरी घाईत सेल मारील.

जुना_मिस्त्री :

रागावलो नाही. पहिल्या फेरीनंतर वाटी काढा आणि मधल्या नळीच्या आतून बोट फिरवा. बोट कोरडे आले तर तुमचे बरोबर, तेलाने माखले तर एक बोट कमी करा.